ऑपरेटिंग सिस्टीम दिसायला छान असावी की वापरायला सोपी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या रचनेबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं दोनदा चऱ्हाट नको म्हणून गरज तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरांत माझी मतंही मिसळली आहेत, ती मतं म्हणूनच वाचा.

१. ऑपरेटिंग सिस्टीमचं डिझाइन आणि एखाद्या ॲपचं डिझाइन यांत फरक तो काय?

ॲप आवडलं नाही तर आपण ते काढून टाकतो. विंडोज, अँड्रॉइड किंवा आयओएस असं सहज काढता येत नाही. कुठलंही ॲप उघडा, आजूबाजूला ही सिस्टीम असतेच: खिडकीची चौकट, बंद करायची फुली, नोटिफिकेशन, कीबोर्ड, फाइल निवडायचा पडदा. शिवाय ॲप बनवणारे तिचेच नियम उचलतात, त्यामुळे तिथली एक खोट हजारो ॲपमध्ये उतरते.

दुसरा फरक वेळेचा. जाहिरातीत ती काही सेकंद दिसते, वापरणाऱ्याचा तिच्याशी चार-पाच वर्षं संबंध येतो. पहिल्या नजरेत भरलेली गोष्ट रोज शंभर वेळा बघताना डोळ्यांत खुपू लागते. खालच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडेल.

२. सुंदर इंटरफेस (म्हणजे पडद्यावरची बटणं, मेनू, मांडणी) वापरायला सोपाच असतो असं म्हणतात. खरं आहे का?

तो सोपा वाटतो, एवढं नक्की. १९९५ साली जपानमध्ये हिताचीच्या डिझाइन सेंटरमधल्या मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. लोकांना ज्या मांडण्या देखण्या वाटल्या त्याच त्यांनी सोप्याही ठरवल्या. त्या खरोखर किती सोयीच्या आहेत याच्याशी हा अंदाज तितकासा जुळत नव्हता. हे जपानी लोकांच्या सौंदर्यदृष्टीमुळे घडत असेल अशी शंका घेऊन संशोधक नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी इस्राएलमध्ये तोच प्रयोग केला. तिथे दिसणं आणि सोपं वाटणं यांचा संबंध आणखी घट्ट निघाला.

यातून दोन गोष्टी निघतात. देखण्या सिस्टीमच्या बारीकसारीक चुका लोक पोटात घालतात, म्हणून सौंदर्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही. पण ‘आवडलं का?’ एवढंच विचारलं तर खरी अडचण कधीच वर येणार नाही. लोकांना काम द्या आणि त्यांचं बोट कुठे अडखळतं ते बघा.

३. म्हणजे सौंदर्य हा वरचा मुलामाच ना?

नाही. पण मुलामा कुठला आणि कामाचं काय हे ओळखायला हवं. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५चं करडं बटण आठवा. वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला काळपट. प्रकाश वरून डावीकडून पडतोय असा भास, म्हणून बटण उचललेलं दिसतं. दाबलं की त्याच रेघांची अदलाबदल होते आणि ते आत गेल्यासारखं दिसतं. चार रेघांत दोन गोष्टी कळतात: हे दाबता येतं, आणि आत्ता दाबलं गेलं.

१९८४च्या मॅकिंटॉशवर सुझन केअर यांनी चिन्हं काढली ती ३२ गुणिले ३२ ठिपक्यांत, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात. रंग नाही, छटा नाही, तरी कचऱ्याचा डबा डबाच वाटतो. देखणेपण आणि ओळख तिथे एकाच रेषेत बसली आहेत.

माझी कसोटी साधी आहे. एखादी सावली, रंग किंवा गोलाई काढून टाकली तर वापरणाऱ्याला काही कळेनासं होतं का? होत असेल तर ती कामाची. होत नसेल तर ती निव्वळ शोभा. शोभेलाही माझी ना नाही, फक्त तिने कामाच्या खुणांवर पाय देऊ नये.

४. हल्ली बटण कुठलं आणि साधा मजकूर कुठला हेच कळत नाही. ही सपाट फॅशन आली कुठून?

आधी उलट टोक होतं. ॲपलच्या आयपॅडवरच्या कॅलेंडरला शिवण घातलेलं चामडं, गेम सेंटरला हिरवं कापड. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन ७ आणून हे सगळं बाजूला केलं: सपाट रंगीत चौकोन आणि मोठी अक्षरं. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं आणि ॲपलनेही चामडं सोडलं. त्यानंतर सगळ्यांनी तीच वाट धरली.

कारणं खोटी नव्हती. पडदे इतके बारीक ठिपक्यांचे झाले होते की नाजूक रेषा आणि अक्षरं स्वच्छ दिसू लागली. लोकांना काचेवर बोट लावायची सवय झाली होती, खोट्या चामड्याचा आधार नको होता. पण चामड्याबरोबर बटणाची कडही गेली. निळ्या रंगात ‘पूर्ण’ लिहिलं की ते बटण, असं गृहीत धरलं गेलं. ज्यांना निळा रंग नीट वेगळा दिसत नाही त्यांनी काय करायचं? मार्च २०१४ मध्ये आयओएस ७.१मध्ये ॲक्सेसिबिलिटीत (दिसणं, ऐकणं अशा अडचणींसाठीच्या सेटिंगमध्ये) ‘बटणांचे आकार दाखवा’ अशी सोय आली. मूळ रचनेत जे असायला हवं होतं ते सेटिंगच्या तळाशी जाऊन बसलं.

गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन आणताना मधला मार्ग काढला. पृष्ठभाग सपाट, पण कागदाचे थर एकावर एक ठेवल्यासारखी सावली. जे वर तरंगतं ते दाबण्याजोगं. मला तो विचार आजही पटतो.

५. काचेसारखा पारदर्शक इंटरफेस इतका देखणा, मग लोक त्यावर इतके का चिडतात?

कारण काचेच्या मागे काय येणार हे डिझायनरच्या हातात नसतं.

कागदावर लिहिताना शाईचा आणि कागदाचा रंग आपण ठरवतो. पारदर्शक पट्टीवर लिहिताना अक्षराचा रंग आपला, पण पार्श्वभूमी वापरणाऱ्याची: मुलाच्या वाढदिवसाचा फोटो, पांढरी वेबसाइट, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. पांढरी अक्षरं काळ्यावर उठून दिसतील, आणि खालचा मजकूर सरकला की पांढऱ्यावर विरघळतील. यावर तीनच उपाय आहेत. मागचं चित्र धूसर करायचं, म्हणजे त्यातले तपशील अक्षरांशी भांडत नाहीत. काचेत रंग मिसळायचा, म्हणजे उजेड आटोक्यात राहतो. किंवा मागचा उजेड मोजून अक्षरं काळी-पांढरी उलटवायची. गंमत अशी की पहिले दोन उपाय जितके वापराल तितकी काच काच राहत नाही, आणि तिसऱ्यात अक्षरं स्क्रोल करता करता रंग बदलू लागतात.

हा अनुभव नवा नाही. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनच्या ‘ॲक्वा’मध्ये मेनूतून मागचं दिसायचं, पुढच्या आवृत्त्यांत ते कमी होत गेलं. जानेवारी २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाची ‘एरो’ काच चालायला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागायचं. कॉम्प्युटरला ‘प्रीमियम रेडी’ म्हणवायला किमान १२८ एमबी ग्राफिक्स मेमरीची अट होती. व्हिस्टाच्या बाजूने एक सांगायला हवं: काचेसाठी खिडक्या रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं, त्यामुळे अडकलेल्या खिडकीवरून दुसरी खिडकी ओढताना मागे उमटणारी शेपटी बंद झाली. त्यानंतर विंडोज ८ने काच काढूनच टाकली.

जून २०२५ मध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ जाहीर केलं. पहिल्या बीटात, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, कंट्रोल सेंटरच्या मागची ॲपची चिन्हं इतकी ठळक दिसत होती की कुठलं चिन्ह वरचं आणि कुठलं मागचं हे शोधावं लागे. पुढच्या बीटात धूसरपणा वाढवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आयओएस २६.१ने ‘क्लिअर’ (स्वच्छ) आणि ‘टिंटेड’ (रंग मिसळलेली) असा पर्यायच दिला.

विंडोज ११मधलं ‘मायका’ मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यात मागच्या खिडक्या दिसतच नाहीत. वॉलपेपरचा रंग एकदाच घेऊन त्याची हलकी छटा खिडकीला दिली जाते. डोळ्यांना ऊब मिळते, वाचायला अडचण नाही आणि बॅटरीही फारशी खर्च होत नाही.

काच बंद करायची असेल तर आयफोन आणि मॅकवर ॲक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ आहे. विंडोज ११वर ॲक्सेसिबिलिटी, मग व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद करा.

६. फिकट करडी अक्षरं ‘क्लासी’ दिसतात. किती फिकट चालतील?

याला आकडा आहे. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, निदान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. बटणांच्या कडा आणि चिन्हांनाही ३ : १ लावला जातो. पांढऱ्यावर करडं लिहायचं तर लाल, हिरवा, निळा तिन्ही (० ते २५५च्या मापावर) ११८ असलेला करडा जेमतेम पास होतो. १५३ वापरलात तर आकडा ३च्याही खाली जातो, आणि ‘क्लासी’ म्हणून सर्रास वापरला जाणारा करडा बहुतेक वेळा तोच असतो.

हा आकडा तळरेषा समजा. दुपारी बारा वाजता बसस्टॉपवर उभं राहून तोच पडदा वाचून बघा.

७. मॅकचा मेनू नेहमी पडद्याच्या वरच्या कडेलाच का? आणि विंडोजचं स्टार्ट बटण कोपऱ्यात का असायचं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ अंतरावर आणि लक्ष्याच्या आकारावर अवलंबून असतो. पडद्याच्या कडेला माउस कितीही जोरात नेला तरी बाण पुढे जात नाही, त्यामुळे कडेला टेकलेलं बटण त्या दिशेने जणू अमर्याद मोठं होतं. कोपरा तर दोन्ही बाजूंनी अडवतो. डोळे मिटूनही तो सापडतो.

आता बारकावा बघा. विंडोज ९५मध्ये स्टार्ट बटण आणि पडद्याची कड यांच्यामध्ये एक-दोन पिक्सेलची फट होती. बटण सुबक, चौकटीत बसलेलं दिसावं म्हणून सोडलेली. बाण थेट कोपऱ्यात आपटून क्लिक केलं तर काहीच व्हायचं नाही, पुन्हा किंचित मागे यावं लागे. कोपऱ्याचा सगळा फायदा त्या फटीत गेला.

विंडोज ११ने २०२१ मध्ये टास्कबारवरची चिन्हं मध्यभागी आणली. दिसायला नीटनेटकं, पण जसजशी जास्त ॲप उघडाल तसतसं स्टार्ट बटण डावीकडे सरकतं. हाताला पाठ झालेली जागाच राहत नाही. सुदैवाने टास्कबार सेटिंगमध्ये ‘लेफ्ट’ अलाइनमेंट निवडता येते. मी पहिलं काम तेच करतो.

मोबाइलवर कडेचा हा फायदा मिळत नाही, कारण बोट काचेबाहेर जाऊ शकतं. तिथे आकार महत्त्वाचा: ॲपल निदान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापं), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. चिन्ह बारीक काढा हवं तर, दाबायची जागा मात्र एवढी ठेवा.

८. ॲनिमेशन म्हणजे वेळेचा अपव्यय नाही का?

काही वेळा उलट आहे. मॅकमध्ये खिडकी मिनिमाइझ केली की ती दिव्यातल्या राक्षसासारखी निमुळती होत डॉकमध्ये शिरते. पहिल्यांदा बघताना तो खेळ वाटतो, पण खिडकी गेली कुठे या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळतं. हेच ॲनिमेशन दीड सेकंद चाललं असतं तर दुसऱ्या दिवशी शिव्या खाल्ल्या असत्या. २०० ते ३०० मिलिसेकंद पुरतात. एक दशांश सेकंदाच्या आत झालेली गोष्ट माणसाला ताबडतोब झाल्यासारखी वाटते.

अडखळणं हे हळूपणापेक्षा वाईट. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१च्या वेळी गूगलने ‘प्रोजेक्ट बटर’ नावाने सगळा जोर यावरच लावला होता.

काही लोकांना सरकत्या पडद्याने खरोखर गरगरतं. आयओएस ७च्या झूमबद्दल अशा तक्रारी आल्या, तेव्हा ७.०.३मध्ये ‘रिड्यूस मोशन’ चालू केलं की झूमऐवजी हलका फेड मिळू लागला. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीत ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ शोधा.

९. डार्क मोडने डोळे वाचतात का?

अंधाऱ्या खोलीत झगमगाट कमी होतो, तेवढा आराम खरा. उजेडात मात्र बहुतेकांना पांढऱ्यावर काळं वाचणंच सोपं जातं. ज्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसू शकतात. बॅटरी वाचते ती ओलेड पडद्यावर, कारण काळा ठिपका तिथे बंदच असतो. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळे फायदा जवळपास नाही.

डिझायनरसाठी एक सूचना: रंग नुसते उलटवू नका. काळ्यावर सावली दिसत नाही, त्यामुळे प्रश्न ४मधली थरांची खूण नाहीशी होते. डार्क मोडमध्ये वरचा थर किंचित उजळ ठेवावा लागतो.

१०. फोन मराठीत केला की बटणांवरची अक्षरं वरून-खालून कापली जातात. दोष फाँटचा की सिस्टीमचा?

बहुतेक वेळा चौकटीच्या उंचीचा. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांना मापून ठरवलेली असते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘बंद करा’ लिहिलेल्या बटणाची उंची कमी पडली की आधी टिंब जातं आणि ‘बद करा’ उरतं.

लांबीचीही तीच कथा. ‘कॅन्सल’ या एका शब्दाच्या जागी ‘रद्द करा’ येतं. जागा पुरली नाही की सिस्टीम तीन टिंबं देऊन मोकळी. ‘हटवा’ आणि ‘हटवू नका’ ही दोन बटणं शेजारी असतील आणि दुसरं ‘हटवू…’ असं कापलं गेलं तर काय अनर्थ होईल ते सांगायला नको.

देखणेपणाच्या काही युक्त्या आपल्या लिपीला चालतच नाहीत. अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. फार बारीक वजनाच्या अक्षरांत ती पुसट होते, फार जाड केलं तर ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ यांची पोटं भरून जातात. म्हणून इंग्रजीत शोभणारा नाजूक मथळा मराठीत तसाच उतरत नाही.

विंडोज २०००पासून युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा सामाईक संकेत) देवनागरी आलं तेव्हा ‘मंगल’ हा फाँट होता, र. कृ. जोशी यांनी घडवलेला. सरकारी कचेऱ्यांत टायपिंग करणाऱ्या पिढीला तो पाठ आहे. पुढे विंडोज ८मध्ये ‘निर्मला यूआय’ आला. अँड्रॉइडवर ‘नोटो’ आणि ॲपलच्या उपकरणांवर ‘कोहिनूर’ कुळातली देवनागरी असते. फाँट पुरेसे चांगले आहेत. ॲप बनवणाऱ्यांनी बटणाला ठरावीक उंची देणं सोडावं, मजकुराप्रमाणे वाढू द्यावं, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी संपतील.

११. चाललेलं नीट चालू असताना अपडेटमध्ये जागा का बदलतात?

कधी नवं यंत्र आलेलं असतं, कधी नवं काहीतरी दाखवणं भाग असतं. दोन्हींचा परिणाम विंडोज ८मध्ये दिसला. ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅबलेटवर डोळा ठेवून स्टार्ट बटण काढलं आणि कामाच्या जागा अदृश्य कोपऱ्यांत ठेवल्या. कॉम्प्युटर बंद करायचा तर बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, पट्टी बाहेर यायची वाट बघायची, सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. पडदा स्वच्छ, सुंदर आणि मुका. वर्षभरात ८.१ने बटण परत आणलं, आणि जुलै २०१५ मध्ये विंडोज १०ने मेनूही.

लिनक्सवाल्यांनाही हे चुकलं नाही. लिनक्सवरचा डेस्कटॉप असलेल्या ग्नोमच्या एप्रिल २०११च्या तिसऱ्या आवृत्तीने मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझची बटणंच काढली. रागावलेल्यांनी जुना ग्नोम २ ‘माटे’ नावाने पुढे चालवला, लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराने ‘सिनॅमन’ हा नवा डेस्कटॉप उभारला. तिथे निदान वेगळी चूल मांडायची सोय आहे.

१२. मग सगळं सेटिंगमध्ये द्या आणि ज्याला जे हवं ते निवडू द्या. झालं ना?

बहुतेक लोक सेटिंगला हात लावत नाहीत. पेटीतून काढल्यावर जे दिसतं तेच त्यांचं डिझाइन. सेटिंग ही अपवादांसाठी. एखाद्या गोष्टीसाठी फार लोकांना सेटिंग शोधावं लागत असेल (प्रश्न ४ आणि ५ पाहा), तर मूळ निवडच तपासायला हवी.

१३. आईच्या फोनवर अपडेट आल्यापासून तिला काही सापडत नाही. काय करू?

आधी अक्षरांचा आकार वाढवा आणि ठळक अक्षरं चालू करा. पारदर्शकपणा आणि ॲनिमेशन बंद (प्रश्न ५, ८). हातवाऱ्यांऐवजी तीन बटणांची पट्टी अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या नॅव्हिगेशनमध्ये मिळते, ती लावा. वॉलपेपर फोटोऐवजी एकरंगी ठेवा, चिन्हं लगेच सुटी दिसतात. नातवाचा फोटो हवाच असेल तर लॉक स्क्रीनवर. आणि रोजची पाच-सहा ॲप पहिल्या पानावर एकदा मांडली की ‘नीट लावून देतो’ म्हणत पुन्हा हलवू नका.

१४. एखादी गोष्ट मुद्दाम अवघड किंवा कुरूप ठेवणं कधी बरोबर असतं?

जिथे चुकीची किंमत मोठी असते तिथे. व्हिस्टामध्ये प्रोग्रॅमला जादा अधिकार देताना सगळा पडदा अंधारायचा. ते नाटक नव्हतं: त्या वेळी पडद्याचा ताबा वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपकडे जातो आणि दुसरा प्रोग्रॅम तुमच्या वतीने ‘हो’ दाबू शकत नाही. फसलं ते वारंवारतेमुळे. क्षुल्लक गोष्टींनाही विचारलं जायचं, आणि लोक न वाचता ‘हो’ दाबू लागले. विंडोज ७ने चार पायऱ्यांची पट्टी देऊन ते सैल केलं. अडथळा क्वचित आला तरच लोक थांबून वाचतात.

परत आणता येणाऱ्या गोष्टीला मात्र ‘नक्की का?’ विचारण्यापेक्षा ‘पूर्ववत करा’ देणं कधीही बरं.

१५. मी डिझाइन शिकतेय. माझा पडदा सुंदर आहे, पण वापरायला कसा आहे हे घरबसल्या कसं तपासू?

भाषा मराठी करा, अक्षरं सर्वांत मोठी करा आणि काय फुटतं ते बघा. सगळ्यात गजबजलेला फोटो वॉलपेपर म्हणून लावा. स्क्रीनशॉटचे रंग काढून करडा करा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारात एकाला रंग वेगळे ओळखायला अडचण असते, त्यामुळे लाल ‘हटवा’ आणि हिरवा ‘ठेवा’ करड्यात सारखेच दिसले तर आकार किंवा चिन्ह बदला. मग घरातल्या कुणाला तरी एक नेमकं काम द्या, ‘वायफायचा पासवर्ड बदल’ असं काहीतरी, आणि स्वतः गप्प बसा. तोंड उघडून मदत करावीशी वाटेल ती जागा वहीत लिहून ठेवा. आठवड्याने त्याच माणसाला तेच काम पुन्हा द्या. पहिल्या दिवशी अडलेलं दुसऱ्यांदा सुटलं तर ते सवयीने सुटणारं आहे, नाही सुटलं तर आराखड्याला हात घाला.